मेमध्ये टिकलं, डिसेंबरात पडलं: एका नेक्सस ५च्या अंडरव्होल्टिंगचं प्रकरण

२०१६चा मे महिना, दुपारचे दोन. अमळनेरला माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. शटर अर्धं ओढून पंख्याखाली बसलो होतो, तेवढ्यात चुलत बहिणीचा मुलगा आत आला. हातात ओला रुमाल, आणि रुमालात गुंडाळलेला फोन. "मामा, हाऊ फोन भलताच तपी ऱ्हायना."

आधी मी तो रुमाल काढायला लावला. तापलेल्या फोनला ओलं फडकं गुंडाळणारे लोक उन्हाळ्यात रोज दोन तरी येतात, आणि त्यातला एखादा पुढच्या आठवड्यात चार्जिंगच्या खोबणीत गंज घेऊन परत येतो.

भाचा ठिबकची आखणी करतो. शेतकऱ्याच्या वावरात जायचं, फोनवर जीपीएसचं मोजणीचं ॲप लावून बांधाने चालत चक्कर मारायची, क्षेत्र आणि उतार टिपायचा, मग नळ्या किती मीटर लागतील ते सांगायचं. आपल्याकडे बागायती कापूस पावसाची वाट बघत नाही, मेच्या शेवटापासूनच लागवड सुरू होते. म्हणजे त्याच्या कामाचा हंगाम नेमका ४४-४५ अंशांचा. स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस सुरू, नेटवर्क एक काडी, आणि वर ऊन. तिसऱ्या बांधावर फोन अडखळायचा, चौथ्यावर बंद होऊन परत सुरू व्हायचा. मोजणी गेली, पुन्हा पहिल्या बांधापासून चाला.

फोन होता नेक्सस ५, २०१३च्या शेवटी आलेला. याच्याकडे तो पुण्याच्या मावसभावाकडून सेकंड हॅंड आला होता. आत स्नॅपड्रॅगन ८०० ही चिप, २८ नॅनोमीटरवर बनलेली, क्रेट ४०० जातीचे चार कोअर, म्हणजे हिशेब करणारे चार भाग, कंपनीने ठरवलेली कमाल गती २२६५ मेगाहर्ट्झ. बॅटरी २३०० मिलीअँपिअर तास. त्यात याचा बूटलोडर उघडलेला, रूट केलेला, आणि बाहेरचा कर्नल टाकलेला, म्हणजे कंपनीची कुलुपं काढून चिपेची गती आणि व्होल्टेज सांभाळणारा मूळ प्रोग्रामच बदललेला. विचारलं, "यात काय काय करेल शे?" तेव्हा हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली.

फोन हळू चालतो म्हणून त्याने गती २४५७पर्यंत चढवली होती. हा आकडा त्याने हवेतून काढला नव्हता. हाच क्रेट ४०० पुढे स्नॅपड्रॅगन ८०१च्या वरच्या आवृत्तीत २.४५ गिगाहर्ट्झवर अधिकृतपणे विकला गेला. त्याचं म्हणणं, भाऊ तोच, फक्त कपडे वेगळे. त्या गतीला फोन टिकत नव्हता म्हणून व्होल्टेज ५० मिलीव्होल्टने वाढवलेलं. आणि तरीही फोन मध्येच मंद पडतो म्हणून तापमान बघून गती कापणारी व्यवस्था, पोरं जिला नुसतं 'थर्मल' म्हणतात, तीच बंद केलेली.

या तीन बदलांपैकी मला चीड आली ती शेवटच्याची. पहिले दोन हौसेचे आहेत. तिसरा म्हणजे पंपाच्या स्टार्टरमधला, मोटर जळू नये म्हणून असलेला रिले काढून तिथे वायर जोडणं.

चिप तापते कशी, हे त्याला कागदावर मांडून दाखवलं. कोअर काम करत असताना खर्च होणारी वीज ढोबळमानाने गतीच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वर्ग हा शब्द इथे महत्त्वाचा. गतीच्या कुठल्या पायरीला किती व्होल्टेज द्यायचं, याचा तक्ता फोनमध्ये असतो. त्याच्या फोनच्या तक्त्यात २२६५ला मूळ व्होल्टेज १०४५ मिलीव्होल्ट होतं. त्याने गती साडेआठ टक्के वाढवली आणि व्होल्टेज १०९५ केलं. व्होल्टेज वाढलं जेमतेम पाच टक्के, पण वर्ग केल्यावर दहा. दोन्ही मिळून खर्च १९ टक्क्यांनी वर. म्हणजे साडेआठाच्या कामासाठी एकोणीसची मजुरी. शिवाय तापलेली चिप रिकामी बसलेली असतानाही जास्त वीज झिरपू देते, ती गळती वेगळीच.

त्याने लगेच उलटा मुद्दा काढला, आणि तो चुकीचा नव्हता. "पण मामा, काम लवकर संपलं तर चिप लवकर झोपेल ना?" फोनच्या बऱ्याच कामांना हे लागू पडतं. मेसेज उघडला, कोअर क्षणभर पळाला, मग झोपला. पण मोजणीचं ॲप संपत नाही. तासभर नकाशा रंगवत राहतं. तिथे लवकर संपवून झोपायचं काहीच नसतं.

आणि आपल्या भागाची खरी अडचण वेगळी आहे. फोनला पंखा नसतो. आतली उष्णता पाठीतून बाहेरच्या हवेत जाते, आणि किती जाते ते पाठ आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पुण्यात हवा २८ अंश असेल आणि फोनची पाठ ४३, तर मध्ये १५ अंशांचा उतार आहे, उष्णता वाहून जाते. अमळनेरच्या वावरात हवाच ४४. उतार संपला. उलट ऊन वरून आणखी ओतत असतं. पुण्याच्या मावसभावाने हाच फोन वर्षभर वापरला आणि त्याला काही झालं नाही, यात नवल नाही.

थर्मल चालू केलं आणि मग वही काढली. मला मोघम 'फास्ट वाटतो' असलं ऐकायला आवडत नाही. काम एकच ठरवलं: फोटोंचा ठराविक फोल्डर दाबून झिप करायचा, लागोपाठ दहा वेळा, आणि घड्याळ लावायचं. जागा दुकानाबाहेरचा ओटा, सावलीत, दुपारी दोन ते चार. सावलीतल्या थर्मामीटरवर रोज ४२ ते ४४च्या दरम्यान.

त्याच्या २४५७च्या सेटिंगला पहिली फेरी ५८ सेकंदांत झाली. भाचा खूश. पाचवी ९७ सेकंदांत. मूळ कंपनीच्या सेटिंगला पहिली ६२, पाचवी ९१. म्हणजे वाढवलेली गती पहिल्या फेरीत चार सेकंद कमावते आणि पाचव्या फेरीपर्यंत ती व्याजासकट परत करते, कारण चिप मर्यादेला आधी पोहोचते आणि थर्मल तिला आधी खाली ओढतं. एवढं झाल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला, पण वाद संपला.

मग उलट्या दिशेला, व्होल्टेज कमी करायला निघालो.

इथे चिपच्या जन्माची गोष्ट सांगायला हवी. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या चिपा सारख्या निघत नाहीत. काहींना तीच गती कमी व्होल्टेजमध्ये जमते, काहींना जास्त लागतं. क्वालकॉम कारखान्यातच प्रत्येक चिप तपासून तिचा गट आत कायमचा नोंदवते, त्याला पीव्हीएस म्हणतात. फोन सुरू होताना कर्नल तो गट वाचतो आणि त्याप्रमाणे व्होल्टेजचा तक्ता निवडतो. म्हणून दोन नेक्सस ५ शेजारी ठेवले तरी त्यांचे तक्ते वेगळे असू शकतात. आणि म्हणूनच दुसऱ्याचा तक्ता उतरवून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणं. भाच्याने ते आधी केलेलंही होतं. कुणाचा तरी १२५ मिलीव्होल्ट उतरवलेला तक्ता टाकला, फोन लोगोवरच फिरत राहिला, आणि रिकव्हरीतून, म्हणजे फोन सावरायच्या वेगळ्या मेनूतून, सगळं पुसून परत टाकावं लागलं. त्यावर त्याचा निष्कर्ष होता की 'अंडरव्होल्ट खोटं असतं'.

गटात बसवल्यावरही कंपनी वर थोडी शिल्लक सोडते. गटातल्या सगळ्यात कमकुवत चिपेला, म्हाताऱ्या बॅटरीवर, वाईट हवामानात, काही वर्षांनीसुद्धा पुरलं पाहिजे म्हणून. अंडरव्होल्टिंग म्हणजे ही शिल्लक आपल्या चिपेपुरती मोजून काढून घेणं. कामाची गती तीच राहते, दाब कमी होतो. चिपेच्या हिशेबात एकही चूक चालत नाही, पण नेमकं किती काढता येईल हे मात्र चुका होईपर्यंत उतरत जाऊनच कळतं.

आधी रिकव्हरीतून पूर्ण बॅकअप घेतला. कर्नलच्या ॲपमध्ये 'सुरू होताना लागू करा' ही खूण काढून टाकली. ही खूण काढलेली असली की फोन कितीही बिनसला तरी पुन्हा चालू केल्यावर मूळ व्होल्टेजवर येतो. ती ठेवली आणि तक्ता चुकला, तर फोन उठतो, तक्ता लावतो, पडतो, उठतो, लावतो, पडतो. मग त्या पोरांचे फोन माझ्याकडे येतात, आणि मी शंभर रुपये घेतो.

रोज २५ मिलीव्होल्ट उतरायचं ठरवलं. २५ला काही नाही. ५०ला काही नाही. ७५ला तीन तास ताण देणारं ॲप चालवलं, फोन टिकला. १००ला वीस मिनिटांत धाडकन बंद. परत ७५वर आलो आणि पुढचा आठवडा तो तसाच वापरायला दिला.

त्यासोबत कमाल गती १९५८ला बांधली. हे भाच्याला पटवायला वेळ लागला. २२६५ वरून १९५८ म्हणजे साडेतेरा टक्के गती हातची सोडायची. पण या फोनमध्ये १९५८ची पायरी मुळातच ९७५ मिलीव्होल्टची होती, त्यातून ७५ गेले की ९००. वर्ग आणि गती दोन्ही धरून हिशेब केला तर मूळच्या कमाल पायरीपेक्षा खर्च ३६ टक्क्यांनी कमी. ओट्यावर तीच झिपची परीक्षा घेतली. पहिली फेरी ७१ सेकंद, पाचवी ७४, दहावी ७९. पहिल्या फेरीत तो फोन सगळ्यांत सुस्त होता. पाचव्या फेरीपासून सगळ्यांत तेज.

बोर्ड तपासायला ठेवलेल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने पाठीचं तापमानही टिपत होतो, पण ते आकडे इथे देत नाही. काळ्या प्लास्टिकवर आणि माझ्या हाताच्या अंतरावर तो थर्मामीटर दोन-तीन अंश इकडेतिकडे करतो. घड्याळ खोटं बोलत नाही, म्हणून घड्याळावर विसंबलो.

हे मात्र सांगितलंच पाहिजे की बॅटरी दुप्पट वगैरे चालली नाही. तसं सांगणारे भेटतात. उन्हात पूर्ण उजेडावरची स्क्रीन आणि एका काडीवर टॉवर शोधणारा रेडिओ, हे दोघे मिळून बॅटरीचा मोठा घास घेतात, आणि कोअरचं व्होल्टेज उतरवून त्यांना काडीचाही फरक पडत नाही. त्या उन्हाळ्यात भाच्याला पॉवर बँक लागतच होती. फक्त तापलेल्या फोनला ती जोडायची नाही एवढं बजावलं होतं. लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्जिंग सोसत नाही, आणि खिशातून काढलेला फोन तिथे सहज असतो. आधी झाडाखाली पाच मिनिटं, मग वायर.

जून उजाडला, पाऊस आला, भाच्याने एकही मोजणी दुसऱ्यांदा केली नाही. मी तक्ता कायम केला, 'सुरू होताना लागू करा' ही खूण लावली, आणि प्रकरण वहीत बंद केलं. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली, त्या गावात आपणही संगणकाचं काहीतरी जमवलं, अशी थोडी हवा डोक्यात गेली होती. खोटं कशाला बोला.

डिसेंबरात भाचा परत आला. या वेळी रुमाल नव्हता, कानटोपी होती.

खानदेशचं हवामान बाहेरच्यांना एकाच बाजूने माहीत असतं. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. आणि शेतीची वीज कधी दिवसाच्या पाळीला, कधी रात्रीच्या. रात्रीची पाळी असली की शेतकरी पहाटे पंपावर असतो, आणि ठिबकचा दाब बघायचा तर भाच्यालाही तेव्हाच जावं लागतं. फोन मोटरसायकलच्या हॅंडलला लावलेला, नकाशा उघडा. गावाबाहेर आठ-दहा किलोमीटर गेलं की स्क्रीन काळी. कधी आपोआप परत सुरू, कधी बटण धरून बसायचं. दुपारी मात्र काहीही नाही.

मला पहिल्यांदा बॅटरीच दिसली. तीन वर्षं जुनी बॅटरी, थंडीत तिचा आतला अवरोध वाढतो, अचानक वीज मागितली की दाब कोसळतो आणि फोन बंद. अगदी शहाण्यासारखं निदान होतं. बॅटरी बदलून त्याला पाठवूनही दिलं असतं. पण त्याने एक गोष्ट सांगितली ती खटकली: "मामा, कॅमेरा चालू व्हता तवय नही बंद पडना. नुसता नकाशा उघडा व्हता तवय पडना." बॅटरी दमली असेल तर जास्त ओझ्याला पडायला हवी. हा फोन ओझं नसताना पडत होता.

म्हणून पहाटे साडेपाचला मी स्वतः फोन घेऊन गच्चीवर गेलो. चार्जरला जोडलेला, म्हणजे बॅटरीची सबब संपली. नकाशा उघडा, हात लावायचा नाही. अठरा मिनिटांनी स्क्रीन काळी.

पण रोज पहाटे गच्चीवर कोण जाणार? मग फ्रिज. फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, हवा काढून, दह्याच्या भांड्याशेजारी. पिशवी यासाठी की बाहेर काढल्यावर थंड वस्तूवर दव धरतं, ते फोनवर नको. आणि बाहेर आल्यावर तासभर पिशवी उघडायची नाही. बायकोने दार उघडलं, फोन बघितला, दही काढलं, दार लावलं. काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

फ्रिजमध्ये तीनपैकी दोन वेळा फोन पडला. मग तक्ता समोर ठेवून बसलो, तेव्हा माझी चूक दिसली.

मेमध्ये मी सगळ्या पायऱ्यांतून सरसकट ७५ वजा केले होते. १९५८च्या पायरीत ९७५तले ७५ म्हणजे पावणेआठ टक्के. पण सगळ्यात खालच्या ३०० मेगाहर्ट्झच्या पायरीला मुळातच ७७५ होते. तिथून ७५ म्हणजे जवळपास दहा टक्के. गरिबाच्या खिशातून जास्त काढलं होतं. आणि परीक्षा कशी घेतली? ताण देऊन. ताण दिलेला फोन ३०० मेगाहर्ट्झवर बसतच नाही, तो वरच्या पायरीवर पळत असतो. म्हणजे सगळ्यात जास्त कापलेली पायरी मी तपासलीच नव्हती. हॅंडलला लावलेला, स्क्रीन चालू पण काम नसलेला फोन मात्र त्याच पायरीवर बसून असतो.

मग मेमध्ये ती पायरी टिकली कशी? ट्रान्झिस्टर तापला की त्यात दोन गोष्टी एकाच वेळी होतात. विद्युतभार वाहून नेणारे कण जास्त अडखळतात, म्हणून तो मंदावतो. आणि तो चालू व्हायला लागणारा किमान दाब उतरतो, म्हणून तो सोपा होतो. व्होल्टेज भरपूर असताना पहिली गोष्ट जिंकते: गरम चिप सुस्त. व्होल्टेज खूप खाली नेलं की दुसरी जिंकायला लागते, आणि मग थंड चिप सुस्त. वरच्या पायऱ्यांचा शत्रू ऊन, तळच्या पायरीचा शत्रू थंडी. या फोनचं लक्षण याच्याशी तंतोतंत जुळत होतं. ३०० मेगाहर्ट्झ, ७०० मिलीव्होल्ट, आठ अंश.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून बॅटरी जुनीच ठेवली. खालच्या चार पायऱ्या, ३००पासून ७२९पर्यंत, मूळ व्होल्टेजवर नेल्या. मधल्यांतून २५ आणि ५० अशी उतरंड केली. १४९७च्या वर ७५ तसेच ठेवले. फ्रिजमध्ये रात्रभर, सकाळी नकाशा तसाच उघडा. पुढचे तीन दिवस गच्चीवर, एकदाही नाही. मग भाच्याकडे दिला, आणि जानेवारीची सगळी थंडी तो हॅंडलवर जागा राहिला. तळच्या पायऱ्यांतली बचत गेली, पण ती होती तरी किती? ३०० मेगाहर्ट्झला चिप मुळात खातेच थोडं.

बॅटरी नंतर मार्चमध्ये बदलली, फुगायला लागली होती म्हणून.

शेवटचा तक्ता मी कागदावर लिहून फोनच्या मागच्या कव्हरमध्ये घातला होता. खाली तारीख, आणि 'हा याच फोनचा आहे' असं ठळक. तरी त्याच्या दोन मित्रांनी त्याचा फोटो काढून नेला.

२०१७च्या दिवाळीत भाच्याने रेडमी नोट ४ घेतला. स्नॅपड्रॅगन ६२५, १४ नॅनोमीटर, आठ छोटे ए५३ कोअर, ४१०० मिलीअँपिअर तासाची बॅटरी. या पिढीच्या चिपा आपला दाब बऱ्याच अंशी स्वतःच मोजतात आणि चालू असतानाच व्होल्टेज जुळवून घेतात, त्यामुळे आपण काढून घ्यावी अशी शिल्लक तिथे फारशी उरत नाही. त्याला म्हटलं, हा मुळातच थंड आहे, याला काही करू नको. तो हो म्हणाला.

आठ दिवसांनी दुकानात आला तेव्हा सहज त्याच्या फोनची माहिती उघडली. कर्नल बदललेला. कमाल गती २०१६ मेगाहर्ट्झच्या जागी २२०८.

"मामा, स्नॅपड्रॅगन ६२६ हाच शे ना. तो २.२वरच चालस."

हेही खरंच होतं. मी फोन परत दिला आणि एवढंच विचारलं, "थर्मल तरी चालू शे ना?"